रघूभाऊ आणि पालीला न पोचणारी मोटार

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, नाहीतर मला जेवण जायचं नाही. वकीलसाहेब कोर्टात गेलेत. टाइपरायटरवर त्यांच्या दाव्याचा कागद अर्धा चढवलेला होता, तो काढून मी हा कोरा चढवलाय.

झालं असं, की सकाळी ऑफिसात मुंबईहून एक पाहुणे आले होते. बोलता बोलता म्हणाले, पूर्वी म्हणे विजेवर चालणाऱ्या मोटारी होत्या. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. साहेब म्हणाले, "हो, आणि समुद्रावर चालणाऱ्या बैलगाड्यापण असतील." मी न राहवून बोलले, "साहेब, आमच्या आळीत होती की विजेची मोटार. मी बसलेय तिच्यात." दोघं एकमेकांकडे बघून असे हसले! साहेब म्हणाले, "शालू, तू आपलं टाइप कर."

तर करतेय टाइप.

मोटार रघूभाऊंची. रघूभाऊ आमच्या समोर राहायचे. आळीच्या तोंडाशी त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. उंच, किडकिडीत माणूस, खाकी अर्धी चड्डी आणि वर कायम काळा कोट. वैशाखातसुद्धा कोट! खिशांत पाने, नटबोल्ट, छर्रे. चालायला लागले की खुळखुळ आवाज यायचा आणि आमची आई न बघताच सांगायची, "रघूभाऊ चालले दुकानात."

त्यांची एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. रघूभाऊंना 'नाही' म्हणता यायचं नाही. तो शब्दच तोंडातून निघायचा नाही. फार म्हणजे फार जिवावर आलं तर म्हणायचे, "बघू." आता त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे फक्त त्यांच्या बायकोला, इंदूवहिनींना कळायचं. बाकी अख्ख्या रत्नागिरीला ते 'हो' वाटायचं. लोक सायकल घेऊन जायचे, पंप घेऊन जायचे, एकदा तर दुकानाचं बाकच कुणीतरी बारशाला घेऊन गेलं. रघूभाऊ दोन दिवस उभ्यानं पंक्चरं काढत होते.

असा माणूस मोटार घेतो कशाला? तेही विजेची?

इंदूवहिनींसाठी. वहिनींचं माहेर पालीला. पाली म्हणजे काय, कोल्हापूरच्या रस्त्यावर, एसटीत बसलात की पोचलात. पण वहिनी एसटीत बसू शकत नव्हत्या. इंजिनाचा वास नाकात गेला की त्यांना अशा ओकाऱ्या लागायच्या की शेवटी डोळे पांढरे. एकदा मारुती मंदिरापाशीच बस थांबवून त्यांना खाली उतरवावं लागलं होतं. बरं, बैलगाडीनं जावं, तर विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून त्यांची कंबर गेलेली. बैलगाडीचा एक दचका बसला की दोन दिवस अंथरुणात. मग आईनं यावं ना लेकीकडे? तर तेही नाही. वहिनींना मूलबाळ नव्हतं. आणि त्यांच्याकडे रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. पालीच्या आजी म्हणायच्या, "लेकीच्या दारात जाऊन तशीच कोरडी परत येऊ? म्हणजे सगळ्या आळीला दवंडीच की, माझी पोर वांझ म्हणून. त्यापेक्षा नकोच ते."

म्हणजे लेक तिकडे जाऊ शकत नाही, आई इकडे येऊ शकत नाही. कित्येक वर्षं दोघी काशिनाथ कंडक्टरच्या तोंडून एकमेकींशी बोलत होत्या. काशिनाथ पालीच्या गाडीवर असायचा. सकाळी आळीच्या तोंडाशी हाक मारायचा, "वहिनी, आवशीनं विचारलंन, कंबर कशी आहे?" आणि संध्याकाळी पालीत जाऊन सांगायचा, "आजी, कंबर आहे तिथेच आहे."

तर संस्थानं विलीन झाल्यावर घाटावरच्या कुठल्याशा छोट्या संस्थानिकाच्या राजवाड्यातलं सामान विकायला निघालं. त्यात ही मोटार. राणीसाहेबांना बागेत फिरायला म्हणून विलायतेहून आणलेली, विजेवर चालणारी. रघूभाऊंना कुणीतरी सांगितलं, हिला वास नाही हो, आणि धक्काही बसत नाही, स्प्रिंगा अशा आहेत की पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. झालं! घाटावर आंब्याच्या पेट्या टाकून रिकामा परत येणारा ट्रक गाठून रघूभाऊंनी ती आणली. सगळी आळी बघायला.

काय सांगू तुम्हाला कशी दिसायची! मोटारीसारखी नाहीच. काचेचं उभं कपाट असतं ना, त्याला चाकं लावावीत तशी. आत समोरासमोर दोन मखमली बैठका. खिडक्यांना पडदे. एका कोपऱ्यात फुलदाणी! आणि गोल चक्र नाही, एक लांब दांडी, ती इकडे तिकडे ढकलून गाडी वळवायची. मांडवी बंदरावरचे खलाशी बघून खूश झाले. म्हणाले, "हे तर आमचंच सुकाणू की हो!" पुढच्या आणि मागच्या पेटीत काळ्या बॅटऱ्या मांडलेल्या, फडताळात लोणच्याच्या बरण्या असाव्यात तशा.

इंदूवहिनींना दोघींनी धरून आत बसवलं. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. आम्ही सगळ्या बघतोय, आता काय होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, खरंच कसलाच वास नाही." रघूभाऊंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतात!

म्हणाले, "येत्या रविवारी पाली."

आता इथून पुढे ऐका हं.

पहिला घोटाळा आवाजाचा. गाडीला आवाजच नाही! तुम्ही रस्त्यानं आपल्या विचारात चाललात आणि मागे वळून बघता तर हे काचेचं कपाट पाठीला लागलेलं. खतिजाबी म्हणून मासे विकायला यायच्या, त्या एकदा अशा दचकल्या की डोक्यावरची पाटीच कलली.

"अल्ला! रघूभाव, मांजरासारखे काय येता मागनं? म्हावरं गेलं असतं की माझं गटारात!"

"चुकलं खतिजाबी. बिनभोंग्याची आहे हो ही. पूर्वी राणीसाहेबांपुढे शिपाई धावायचा ओरडत."

"मग ठेवा एक शिपाई."

शिपाई कुठला! रघूभाऊंनी दुकानातली सायकलची घंटी काढून त्या दांडीला बसवली. पण त्यात काय झालं, की लोक सायकलची घंटी ऐकून सायकलीपुरतेच बाजूला व्हायचे. एवढंसं. वीतभर. आणि मोटार मागे अडकून राहायची. रघूभाऊ काचेतून मान बाहेर काढून म्हणायचे, "अजून वाईच, अजून वाईच सरका." माणसं वळून बघायची नि म्हणायची, "मोटार आहे होय, मग आधी सांगायचं ना!"

दुसरा घोटाळा चढाचा. चढ आला की गाडीची बॅटरी भसाभस संपायची. आणि रत्नागिरीत सपाट काय आहे हो? तेव्हापासून रघूभाऊंना सगळं जग चढ आणि उतार असंच दिसायला लागलं. खिशातला सायकलचा छर्रा काढून रस्त्यावर ठेवायचे आणि उकिडवे बसून बघायचे, कुठे घरंगळतो. मारुती मंदिरापाशी सगळे म्हणतात तिथे सपाट आहे. रघूभाऊंनी छर्रा ठेवून दाखवला. "सपाट दिसतं, पण आहे चढ. बेमालूम चढ." माझ्या मावसबहिणीला एक स्थळ आलं होतं, आई सहज म्हणाली, रघूभाऊ, कसं वाटतं? तर म्हणाले, "माणसं चांगली आहेत. घर वरच्या अंगाला आहे, तेवढं बघा. जाताना चढ पडेल तिला." आई म्हणाली, "ती काय बॅटरीवर चालते का रघूभाऊ?"

पण खरी मजा म्हणजे गाडीत वीज भरायची ती. मजा म्हणजे आम्हाला. त्यांना नाही.

आमच्या गावात तेव्हा वीज दिवेलागणीला यायची, आणि तीसुद्धा बऱ्याच घरांत नव्हती. आमच्याकडे नव्हती. रघूभाऊंनी गाडीसाठी म्हणून मुद्दाम घेतली. गाडीबरोबर संस्थानातून एक मोठी लाकडी फळी आली होती, तिच्यावर ओळीनं बल्ब. वीज आधी त्या बल्बांतून जायची आणि मग हळूहळू गाडीत उतरायची. म्हणजे गाडी भरायला लावली की पडवीत ते सगळे बल्ब पेटायचे. आमच्या आळीत एवढा उजेड कुणी बघितलेला नव्हता! पहिल्याच संध्याकाळी सगळी आळी रघूभाऊंच्या पडवीत. बायका तांदूळ निवडायला, मुलं पाढे म्हणायला, पुरुष पत्ते घेऊन. मीसुद्धा. मी टायपिंगचा सराव तिथेच केलाय, पाटावर कागदाचा कीबोर्ड चिकटवून. खोटं कशाला बोलू?

आणि मग लोक विचारायला लागले, "रघूभाऊ, आज भरणार ना गाडी?" गाडी भरलेली असली तरी! "आमच्याकडे भजन आहे, वाईच भरायला लावाल?"

"बघू," रघूभाऊ म्हणायचे. आणि लावायचे.

तर पालीला जायचा तो रविवार आला. शनिवारी संध्याकाळी रात्रभरासाठी गाडी भरायला लावलेली. इतक्यात पलीकडच्या घरातून निरोप आला, मुलीला बघायला अचानक पाहुणे आलेत, कंदिलात मुलगी काळी दिसते, तर चार बल्ब द्या. चार म्हणता म्हणता फळी बोडकी झाली. त्यांच्या अंगणात रघूभाऊंनी स्वतः तार ओढून ते लावून दिले. मुलगी पसंत पडली! सगळे खूश! आणि इकडे फळीवर एकच बल्ब मिणमिणतोय आणि गाडीत वीज थेंबथेंब उतरतेय. सकाळी गाडी आळीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. वहिनी आत नवी साडी नेसून बसलेल्या.

त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. फक्त म्हणाल्या, "मुलगी दिली का पण?"

"दिली," रघूभाऊ म्हणाले.

"मग बरं झालं."

पुढच्या वेळी तर बॅटरी गच्च भरलेली. बल्ब राखायला रघूभाऊ स्वतः फळीखाली झोपले होते. सकाळी निघाले. मी दारातून बघतेय. आळीच्या तोंडाशी एक मास्तर उभे, म्हणाले, "रघूभाऊ, मारुती मंदिरापर्यंत सोडता?" आता वहिनी आत, मास्तर आत. पुढे खतिजाबी. "रघूभाव, त्या दिवशी घाबरवलंत, आज बसवा." पाटीसकट आत. पुढे कुणाच्या तरी आजोबांना दवाखान्यात. म्हणजे गाडी चालवायला रघूभाऊंनाच जागा नाही, ते एका पायावर बाहेर लटकून दांडी धरतायत! चढ चढून गाडी मारुती मंदिराला पोचली आणि रघूभाऊंनी बॅटरी दाखवणारी सुई बघितली, पार खाली आलेली. सगळ्यांना आपापल्या जागी पोचवलं आणि तिथूनच उतारानं परत आले.

काशिनाथ कंडक्टरनं संध्याकाळी आळीच्या तोंडाशी बस थांबवली. "काय रघूभाऊ, आजी तिकडे कोंबडी कापून बसल्या होत्या जावयासाठी. काय सांगू?"

रघूभाऊ पाना हातात धरून उभे. "सांग... पुढच्या वेळी."

"कोंबडीला सांगू की आजींना?"

बसमधले सगळे हसले. रघूभाऊपण हसले. पण वहिनी खिडकीत होत्या, त्या नाही हसल्या. मी बघितलं. मग रघूभाऊंनीपण बघितलं.

त्यानंतर मात्र एक झालं. वहिनी रोज संध्याकाळी त्या उभ्या गाडीत जाऊन बसायला लागल्या. नुसत्याच. पडवीत बल्ब पेटलेले, सगळी आळी तांदूळ निवडतेय, आणि वहिनी काचेच्या आत. मी एकदा विचारलं, "वहिनी, आत काय करता हो?" तर म्हणाल्या, "माहेरी जाते गो. बसल्याबसल्या."

मग आलं ते माईंचं प्रकरण. हे मला फार हसत हसत सांगता यायचं नाही, पण सांगते.

त्या बॅटऱ्यांना अधूनमधून पाणी घालावं लागायचं. ते विहिरीचं चालत नाही. आपल्याकडची जांभ्याची जमीन, पाण्यात लोह असतं, ते बॅटरीला विष. म्हणून रघूभाऊ ऐन श्रावणात अंगणात चार काठ्यांना धुतलेलं धोतर बांधायचे, मधे गोटा ठेवायचे, आणि त्यातून गळणारं पावसाचं पाणी काचेच्या मोठ्या बरण्यांत भरून ठेवायचे. पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे. जपून, पळीपळीनं.

वैशाखात त्यांना दापोलीला पुतण्याच्या लग्नाला जावं लागलं. एसटीनं, म्हणजे एकट्यानंच. जाताना शेजारच्या माईंना म्हणाले, "माई, जरा गाडीकडे लक्ष ठेवा. उन्हाळा आहे, पाणी आटतं हो तिच्यातलं." एवढंच म्हणाले. माई म्हणजे आळीतल्या सगळ्यांत वयस्कर. त्यांच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की लांबून लोक कळशी घेऊन येतात. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय माईंनी आयुष्यात कुणाला पाठवलं नाही. पोस्टमनला नाही, बैलाला नाही.

माईंनी झाकणं उघडून बघितली. खरंच आटलं होतं. कोपऱ्यात बरण्या दिसल्या. विचारलं, हे कसलं? इंदूवहिनी कंबर धरून आत झोपलेल्या, त्या आतूनच म्हणाल्या, "गाडीचं पाणी आहे माई, श्रावणातलं."

"श्रावणातलं? आणि आता वैशाख? शिळं पाणी कुणाला प्यायला घालावं का गो!"

ओतलंन ते सगळं अबोलीच्या झाडांना! आणि आपल्या विहिरीचं ताजं पाणी शेंदून, धुवट फडक्यानं दोनदा गाळून, प्रत्येक बॅटरी अगदी तोंडापर्यंत भरली. मी तेव्हा ऑफिसात. घरी आले तेव्हा माई पडवीत घाम पुसत बसल्या होत्या. "किती तहानलेली होती बिचारी," म्हणाल्या.

रघूभाऊ परत आले. माई सांगायला स्वतः पुढे गेल्या, इतक्या खूश होत्या. रघूभाऊंनी एक झाकण उघडून बघितलं. मग दुसरं. मग रिकाम्या बरण्यांकडे बघितलं.

"माई," ते म्हणाले, "कशाला एवढा त्रास घेतलात? बरं केलंत."

आणि दुकानात गेले. मी मागोमाग गेले, म्हटलं काही बोलतील. तिथे एक सायकल उलटी करून ठेवलेली होती. तिच्या चाकात आधीच हवा होती. तरी रघूभाऊ पंप मारत होते, मारतच होते. मी म्हटलं, "रघूभाऊ, फुटेल." तेव्हा थांबले. म्हणाले, "शालू, कुणावर ओरडू सांग. ओरडायला एक तरी वाईट माणूस हवा ना आळीत."

त्यानंतर गाडी भरली तरी टिकायची नाही. रात्री भरलेली सकाळी निम्मी. उभ्या उभ्या कुठे जायची वीज, देव जाणे. आणि त्याच आठवड्यात काशिनाथनं निरोप आणला. या वेळी हाक मारून नाही, खाली उतरून, दारात येऊन.

"वहिनी, आजींचं काही खरं दिसत नाही. चालतात, फिरतात, पण विसरायला लागल्यात. काल मला विचारलंन, इंदूला पोर झालं का रे? मी म्हटलं नाही आजी. तर म्हणाल्या, मग ती येत का नाही, रागावली का? पावसाच्या आत जाऊन या. पुढच्या वर्षी तुम्हाला ओळखतील की नाही, मी सांगू शकत नाही."

रघूभाऊ म्हणाले, "अगो, गाडी आता पोचायची नाही. मारुती मंदिराच्या पुढे भरवसा नाही मला."

पहिल्यांदाच 'नाही' म्हणाले ते. दोनदा.

वहिनी म्हणाल्या, "जिथवर पोचेल तिथवर जाऊ. बंद पडली तर पडली. घरात बसूनही मी बंदच आहे की."

काशिनाथला सांगून ठेवलं, उद्या निघतो, आजींना सांग. आणि त्या दिवशी आळीनं काय केलं माहितीये? कुणी पडवीत गेलं नाही. कुणी भजन ठेवलं नाही. सगळे बल्ब पेटलेले आणि खाली एकही माणूस नाही, असं तेव्हा एकदाच झालं. सकाळी मारुती मंदिराच्या त्या चढावर आळीतल्या पोरांनी आणि बाप्यांनी गाडी ढकलत चढवून दिली, म्हणजे तेवढी तरी वीज वाचेल. माई मागून चालत होत्या, हाताला झेपत नव्हतं तरी एक बोट गाडीला लावून.

हे मला नंतर कळलं, कारण मी आदल्या दिवसापासून पालीतच होते, मावशीकडे. दुपारी परतीच्या बससाठी थांब्यावर आले तर समोरच आजींचं घर. आजी उंबऱ्यावर बसलेल्या. घरातून कोंबडीच्या सागोतीचा वास येतोय. मी म्हटलं, "आजी, मी शालू, इंदूवहिनींच्या समोरची."

"इंदू येतेय आज," आजी म्हणाल्या. "वड्यांचं पीठ मळून ठेवलंय, आली की गरम तळायचे."

रत्नागिरीहून बस आली. काशिनाथ उतरला. त्यानं मला बघितलं, आजींना बघितलं, टोपी काढली.

"आजी, जावई तुमचे वाटेतच, हातखंब्याच्या तिठ्यावर उभे आहेत. गाडी बंद पडली."

"आणि पोर?"

"गाडीतच बसल्यात. बसमध्ये घेतो म्हटलं, तर दारातूनच वास लागला, चक्कर आली. बैलगाडी बघतायत, पण कंबर... आजी, आता त्या इकडे येत नाहीत."

आजींनी उंबऱ्याला हात टेकला. उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. काशिनाथनं ड्रायव्हरला हातानं थांबायला सांगितलं. बस रत्नागिरीला परत जायला वळून उभी. आतून तळणीचा आवाज आला, चर्र! आजी वडे तळत होत्या! उतारू ओरडतायत, "अहो कंडक्टर, आज निघायचं की इथेच जेवायचं?" आणि काशिनाथ म्हणतोय, "इंजिन तापलंय, थांबा." इंजिन कुठलं तापलेलं! कढई तापली होती.

आजी बाहेर आल्या. कमरेवर सागोतीचं टोप, खांद्याला वड्यांचं गाठोडं. बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या. सगळी बस त्या वासानं वेडी झाली. मागून एक जण म्हणाला, "आजी, तिठ्यापर्यंत टोप भरलेलं राहील असं वाटत नाही."

"हात लावून बघ मेल्या," आजी म्हणाल्या.

वाटेत मला म्हणाल्या, "इंदूला मूल नाही ना अजून?" मी म्हटलं, "नाही आजी." त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांना आठवतंय की विसरल्यात, मला काही कळेना. मी आपली टोप धरून बसले, वळणावर सांडू नये म्हणून.

तिठा आला, तीन रस्त्यांचा. रस्त्याच्या कडेला ते काचेचं कपाट उभं. टळटळीत ऊन. रघूभाऊ बाहेर, काळा कोट घालून. बस थांबली तशी आजी उतरल्या, टोप मी खाली दिलं. रघूभाऊ टोप धरायला धावले.

"आई, मला वाटलं होतं पोचेल. निदान..."

आजींनी टोप त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या बाजूनं सरळ गाडीकडे गेल्या. दार उघडलं. वहिनींना उठता येत नव्हतं. त्यांनी नुसते हात पुढे केले.

"आये."

"किती वाळलीस गो," आजी म्हणाल्या. आणि आत चढल्या.

काशिनाथनं घंटेची दोरी ओढलीच नाही. खाली उतरून टायरला लाथा मारत उभा राहिला. उतारूसुद्धा सगळे खिडक्यांतून बघतायत. गाडीच्या काचा उघड्या होत्या, म्हणून ऐकू आलं.

वहिनींनी सवयीनं आपला डबा उघडला आणि परत मिटला. आजींनी विचारलं, "काय आहे त्यात?"

"सांदणं. फणसाची. तिकडे पोचल्यावर वाटायला म्हणून केली होती सगळ्यांना. तू खाणार नाहीस, ठाऊक आहे मला."

"आण इकडे."

"आये, माझ्या घरची आहेत."

"मग? मी काय तुझ्या घरी आलेय?" आजी म्हणाल्या. "हा हातखंब्याचा तिठा आहे. दे."

वहिनींनी डबा पुढे केला. आजींनी एक सांदण उचलून तोंडात घातलं, चावलं, गिळलं. मग म्हणाल्या, "गूळ कमी." आणि दुसरं घेतलं.

माझ्या मागचा तो टोपवाला उतारू नाक पुसत होता. मी वळून बघितलं तर म्हणाला, "धूळ गेली."

रघूभाऊ अजून टोप घेऊन तसेच उभे होते. आत समोरासमोर दोन बैठका, पण दोघी एकाच बैठकीवर बसलेल्या, दुसरीवर वड्यांचं गाठोडं. त्यांनी टोप हळूच आत सरकवलं. आजी म्हणाल्या, "जावईबापू, बसा जेवायला." रघूभाऊ म्हणाले, "तुम्ही बसा आई. मी... मी जरा चाक बघतो." चाकाला काहीएक झालेलं नव्हतं.

काशिनाथनं एकदाची दोरी ओढली. बस निघाली. मी मागच्या काचेतून बघत राहिले, दिसेनासं होईपर्यंत. वहिनींच्या बाजूनं ऊन येत होतं. रघूभाऊंनी चाक सोडलं, गाडीतली छत्री काढून उघडली आणि ती डोक्यावर न धरता त्या खिडकीवर धरून उभे राहिले, तोंड दुसरीकडे करून, आतलं ऐकू येत नाही असं दाखवत. आणि आतून आईचा हात आला आणि तिनं लेकीच्या तोंडात वडा भरवला.

एवढंच बघितलं मी. संध्याकाळी बैल जुंपून गाडी ओढत घरी आणली म्हणतात, मी बघायला गेले नाही.

साहेब आले वाटतं, जिन्यावर पाय वाजतायत. पण तुम्ही सांगा ना, तुमच्याकडे असं झालंय का कधी? एखाद्यानं जिवापाड खटपट करून एखादी वस्तू आणली, आणि ती चालली नाही, म्हणूनच काम झालं? आणि तो माणूस बाहेर उन्हात उभा राहिला, आपलं नक्की फसलं की साधलं हे न कळून? झालं असेल तर सांगा हो मला. इथे कुणी विश्वास ठेवत नाही.